अणुभट्टीतला मॉडरेटर ब्रेक नसतो

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी 20,000 कोटी रुपये अशी घोषणा झाली. तेव्हापासून 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर', 'जड पाणी', 'समृद्ध युरेनियम' हे शब्द बातम्यांत सारखे दिसू लागले आहेत. ठाणे-नवी मुंबईकरांना हा विषय तसा परका नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बे आहे. अटल सेतूवर शिवडीकडून निघालं की डाव्या हाताला दृश्य झाकणारे जे उंच पडदे लागतात, ते भाभा अणुसंशोधन केंद्रासाठीच लावलेले आहेत. आणि तारापूर तर 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं.

तरीही एक गैरसमज भल्याभल्यांच्या बोलण्यात येतो. मॉडरेटर न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, म्हणजे तो भट्टीचा ब्रेक, असं गृहीत धरलं जातं. खरा प्रकार उलटा आहे. आजच्या बहुतेक अणुभट्ट्या मॉडरेटर आहे म्हणूनच चालतात. तो काढून घेतला की त्या विझतात. एवढं नीट कळलं की तारापूरच्या एकाच आवारात दोन अगदी वेगळ्या जातीच्या भट्ट्या का आहेत, चेर्नोबिलला नेमकं काय बिघडलं आणि अलिबागजवळच्या थळला जड पाणी कशासाठी काढतात, हे सगळं उलगडत जातं.

वेगवान न्यूट्रॉन कामाचा का नाही

युरेनियमचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये 99.3 टक्के युरेनियम-238 असतं आणि जेमतेम 0.7 टक्के युरेनियम-235. ऊर्जा मुख्यतः या 0.7 टक्क्यांतून मिळते. युरेनियम-235 च्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की ते बहुतेक वेळा दुभंगतं. याला विखंडन म्हणतात. दर विखंडनात उष्णता निघते आणि सरासरी 2.4 नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतल्या एकाने पुढचं विखंडन घडवलं की साखळी अभिक्रिया चालू राहिली. एकाहून जास्तांनी घडवलं तर भट्टीची शक्ती वाढत जाते, कमी पडले तर भट्टी विझते.

नवा न्यूट्रॉन जन्मतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 20,000 किलोमीटर असतो. अशा न्यूट्रॉनने युरेनियम-235 फोडण्याची शक्यता फार थोडी. तोच न्यूट्रॉन सेकंदाला सव्वादोन किलोमीटरवर आला, म्हणजे आजूबाजूच्या अणूंच्या साध्या थरथरीइतक्या वेगाने फिरू लागला, की ही शक्यता सुमारे 500 पट वाढते. 0.7 टक्के युरेनियम-235 मधून साखळी चालवायची तर ही 500 पट वाढ सोडून देणं परवडत नाही.

दोन वेगांच्या मधल्या टप्प्यात एक खड्डा आहे. न्यूट्रॉनची ऊर्जा काही ठरावीक आकड्यांना आली की युरेनियम-238 त्याला फार हावरटपणे गिळतं, आणि त्या गिळण्यातून विखंडन होत नाही. न्यूट्रॉन वाया जातो. म्हणजे नुसता वेग कमी करून भागत नाही. तो थोड्या धडकांत आणि शक्यतो युरेनियमपासून लांब असताना कमी झाला पाहिजे. हे काम करणारा पदार्थ म्हणजे मॉडरेटर, पाठ्यपुस्तकी मराठीत मंदायक.

कॅरमचा हिशेब

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकाने किंवा विजेने तो थोपवता येत नाही. त्याला कशावर तरी आपटवावंच लागतं. कशावर, हे कॅरमच्या पटावर बघता येतं. एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर मारा: मारलेली जागीच थांबते, दुसरी तिचा वेग घेऊन निघून जाते. तीच सोंगटी स्थिर स्ट्रायकरवर मारली, तर स्ट्रायकर तिपटीच्या आसपास जड असल्यामुळे थोडा सरकतो आणि सोंगटी उरलेला वेग घेऊन मागे फिरते. पटाच्या लाकडी कडेवर मारली तर जवळपास तेवढ्याच जोराने परत येते. धडकेत वेग सगळ्यात जास्त जातो तो समोरचा आपल्याच वजनाचा असेल तर.

न्यूट्रॉनच्या वजनाचा अणू म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजनवर आपटत गेला तर सरासरी 18 धडकांत न्यूट्रॉन हव्या त्या वेगाला येतो. हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा भाऊ ड्युटेरियम, त्याला 25 धडका लागतात. कार्बनला सुमारे 115. आणि युरेनियमवरच आपटत राहिला तर दोन हजारांहून जास्त; तेवढ्या वाटचालीत तो वाचण्याची आशा नाही.

1934 मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्या चमूने चांदीवर न्यूट्रॉनचा मारा करताना मध्ये मेणाचा ठोकळा ठेवला, तेव्हा चांदीतली किरणोत्सारिता कमी होण्याऐवजी कितीतरी वाढली. मेणात हायड्रोजन भरपूर असतो. मंद झालेला न्यूट्रॉन अणुकेंद्रकात जास्त सहज शिरतो, हे तिथे पहिल्यांदा ध्यानात आलं.

मग साधं पाणी का नको?

साधं पाणी वापरतातच. जगातल्या बहुसंख्य वीज देणाऱ्या अणुभट्ट्यांत मॉडरेटर साधं पाणीच आहे. 1969 साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतही तेच. ट्रॉम्बेची अप्सरा, 4 ऑगस्ट 1956 ला चालू झालेली आशियातली पहिली अणुभट्टी, पाण्याच्या तलावातच बुडवलेली होती.

अडचण अशी की हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करता करता अधूनमधून खाऊनही टाकतो. खाल्ला की हायड्रोजनचं ड्युटेरियम होतं आणि न्यूट्रॉन हिशेबातून गेला. वर सांगितलेल्या 2.4 न्यूट्रॉनांतला एक पुढच्या विखंडनासाठी उरवायचा असतो. बाकीचे युरेनियम-238, नळ्यांचा धातू आणि भट्टीबाहेरची गळती यांत जातात. त्यात पाण्यानेही वाटा मागितला तर 0.7 टक्क्यांच्या इंधनावर गणित बसत नाही. मग इंधनातलं युरेनियम-235 चं प्रमाण वाढवावं लागतं, साधारण 3 ते 5 टक्क्यांपर्यंत. हेच समृद्ध युरेनियम. ते करायला सेंट्रिफ्यूजचे मोठे कारखाने लागतात, आणि तेच तंत्र पुढे रेटलं की बॉम्बचं युरेनियम मिळतं. त्यामुळे या बाबतीत आंतरराष्ट्रीय राजकारण कायम मध्ये येतं.

दुसरा मार्ग: इंधन खाणीतलंच ठेवायचं आणि न्यूट्रॉन न खाणारा मॉडरेटर शोधायचा. ड्युटेरियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन आधीच बसलेला आहे, दुसऱ्याची त्याला फारशी भूक नाही. हायड्रोजनच्या तुलनेत ते न्यूट्रॉन सुमारे 600 पट कमी गिळतं. ड्युटेरियमपासून बनलेलं पाणी म्हणजे जड पाणी. दिसायला पाण्यासारखंच, पण 11 टक्के जड, 3.8 अंशांवर गोठतं आणि 101.4 अंशांवर उकळतं. भारताने 60 च्या दशकात हा मार्ग धरला, कारण समृद्ध युरेनियमसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

मोल मात्र दुसरीकडे चुकवावं लागतं. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियम असतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं, पाणी मोरबे धरणाचं असो की बारवीचं, सगळं ड्युटेरियम गोळा केलं तर कपभर जड पाणी होईल. तेही शंभर टक्के वसूल झालं तर, आणि कुठल्याच कारखान्यात ते होत नाही. रायगड जिल्ह्यात थळला खत कारखान्याच्या शेजारी जड पाण्याचा कारखाना आहे, त्यामागे हेच कारण. अमोनिया बनवण्यासाठी लागणारा हायड्रोजन तिथे प्रचंड प्रमाणात आयता मिळतो. तो द्रव अमोनियाच्या संपर्कात आणून त्यातलं ड्युटेरियम पायरीपायरीने काढून घेतात. तेलंगणातल्या मणुगुरूला हेच काम हायड्रोजन सल्फाइड वायू आणि पाणी यांच्यात करतात. भट्टीत भरायला 99.75 टक्क्यांहून शुद्ध जड पाणी लागतं, आणि मोठ्या भट्टीला ते काही शे टन लागतं.

तारापूरच्या एका नळीच्या आत

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या 540 मेगावॉटच्या, 2005-06 मध्ये सुरू झालेल्या, जड पाण्याच्या. त्यांचा गाभा म्हणजे स्टेनलेस स्टीलचं आडवं पिंप, कॅलँड्रिया. त्यात जड पाणी भरलेलं असतं, हा मॉडरेटर. पिंपातून आरपार 392 नळ्या जातात आणि प्रत्येक नळीत इंधनाचे 13 जुडगे एकामागे एक बसवलेले असतात.

एका नळीच्या मधोमधून बाहेर येत पाहू. आधी युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या, झिर्कोनियमच्या पातळ नळकांड्यात भरलेल्या. अशी 37 नळकांडी एकत्र बांधली की अर्धा मीटर लांबीचा एक जुडगा. जुडग्याभोवती जी जाड नळी आहे तिला प्रेशर ट्यूब म्हणतात. तिच्यातून सुमारे 300 अंशांचं, वातावरणाच्या शंभर पटींच्या आसपास दाबाखालचं जड पाणी वाहतं. हे इंधनाची उष्णता उचलून नेणारं शीतक. प्रेशर ट्यूबबाहेर बोटाच्या रुंदीहून कमी फट, तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू. मग दुसरी, पातळ कॅलँड्रिया ट्यूब. तिच्या पलीकडे मॉडरेटर, जवळपास बिनदाबाचा, साठ-सत्तर अंशांचा. म्हणजे इंचभर अंतरात 300 अंश आणि 65 अंश शेजारी नांदतात. फटीतला वायू सतत फिरवत ठेवतात आणि त्याची आर्द्रता मोजत राहतात. ती वाढू लागली तर कुठलीतरी नळी पाझरते आहे, असा पहिला इशारा तिथून मिळतो.

शीतक आणि मॉडरेटर या दोन वेगळ्या भूमिका आहेत, हे इथे स्पष्ट दिसतं. दोन्हीकडे जड पाणीच असलं तरी पंप वेगळे, वाटा वेगळ्या. साध्या पाण्याच्या भट्टीत मात्र एकच पाणी दोन्ही कामं करतं. या फरकाचा पुढे सुरक्षिततेशी थेट संबंध येतो.

नळ्यांमधलं अंतरही उगाच ठेवलेलं नाही. या भट्टीत एका नळीच्या मध्यापासून शेजारच्या नळीच्या मध्यापर्यंत 28.6 सेंटिमीटर असतात. न्यूट्रॉनने इंधनातून बाहेर पडावं, मधल्या जड पाण्यात पंचवीसेक धडका खाऊन मंद व्हावं आणि मगच पुढच्या नळीत शिरावं, अशी ही मांडणी आहे. युरेनियम-238 चा खड्डा त्याने इंधनाबाहेर असतानाच ओलांडलेला बरा. साधं पाणी हे काम फार कमी जागेत उरकतं, म्हणून त्या भट्ट्यांत सळ्या एकमेकींपासून सव्वा सेंटिमीटरवर असतात. युरेनियमची पूड पाण्यात कालवून टाकली तर हाच फायदा जातो. इंधनाचे ठोस तुकडे आणि मधली मोकळी जागा हा या विद्येतला अर्धा गाभा आहे.

मॉडरेटरमध्ये थोडं साधं पाणी मिसळलं तरी भट्टीला ते लगेच जाणवतं. शुद्धता टक्क्याच्या अंशाने घसरली की तेवढे न्यूट्रॉन कमी पडतात आणि इंधन पुरतं जळायच्या आधीच बदलावं लागतं. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवासुद्धा इथे शत्रू: उघड्यावरचं जड पाणी हवेतली वाफ घेतं आणि बिघडतं. म्हणून इमारतीतली हवा शोषक भरलेल्या ड्रायरमधून फिरवून गळालेली वाफ परत पकडतात, आणि बिघडलेलं पाणी उंच मनोऱ्यात ऊर्ध्वपातन करून पुन्हा शुद्ध करतात. किमतीकडे बघता हा खटाटोप परवडतो. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने जड पाणी थोडं थोडं फुटून ड्युटेरियम आणि ऑक्सिजन हे वायू सुटतात. ते साठू दिले तर पेट घेऊ शकतात, म्हणून वरच्या हीलियमच्या थरातून ते उत्प्रेरकावर नेऊन पुन्हा जोडतात.

पाणी निघून गेलं तर स्फोट होईल?

साध्या पाण्याच्या भट्टीत पाणी निघून गेलं की मॉडरेटर गेला. न्यूट्रॉन वेगवानच राहतात, साखळी तुटते. तारापूर 1 आणि 2 ज्या जातीच्या आहेत, त्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत तर शक्ती कमीजास्त करायला हाच गुण वापरतात. गाभ्यातून पाणी फिरवणारे पंप जोरात चालवले की वाफेचे बुडबुडे झटकले जातात, गाभ्यात पाणी जास्त राहतं आणि शक्ती वाढते. पंप मंद केले की बुडबुडे साचतात आणि शक्ती उतरते. पाणी ब्रेक असतं तर हे उलटं झालं असतं.

निसर्गाने हा प्रयोग फार पूर्वी केला आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात जमिनीतलं पाणी झिरपलं आणि आपोआप साखळी सुरू झाली. तेव्हा खनिजातच युरेनियम-235 चं प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त होतं, म्हणून साधं पाणी पुरलं. पाणी उकळून गेलं की अभिक्रिया थांबायची, खडक निवून पाणी परत आलं की पुन्हा सुरू. खडकात अडकलेल्या वायूंवरून संशोधकांनी काढलेलं वेळापत्रक असं: अर्धा तास चालू, अडीच तास बंद. 1972 मध्ये फ्रेंचांना या खनिजात युरेनियम-235 किंचित कमी भरलं, तेव्हा हा प्रकार उजेडात आला.

मग फुकुशिमा का झालं, ही शंका रास्त आहे. साखळी थांबणं वेगळं आणि उष्णता थांबणं वेगळं. 11 मार्च 2011 ला भूकंपाचा धक्का बसताच तिथल्या चालू भट्ट्यांमधली साखळी व्यवस्थित बंद झाली होती. पण विखंडनातून उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते पुढेही तापत राहतात: बंद केल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मोठ्या भट्टीत तो अर्धा टक्काही काही मेगावॉटचा होतो. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि ही उरलेली उष्णता बाहेर काढता आली नाही. तिथे नाहीसा झाला तो शीतक. मॉडरेटरच्या बाजूने काहीही चुकलं नव्हतं.

मग चेर्नोबिलला काय झालं?

तिथे मॉडरेटर ग्रॅफाइट होता, म्हणजे कार्बन, आणि शीतक साधं पाणी. दोन्ही कामं दोन वेगळ्या पदार्थांकडे. ग्रॅफाइट एकटाच न्यूट्रॉन मंद करायला पुरेसा होता. त्यामुळे मधलं पाणी मंद करण्याच्या कामी जवळजवळ येतच नव्हतं, ते फक्त न्यूट्रॉन खात होतं. पाण्याची वाफ झाली की खाणारा गेला, मंद करणारा जागेवरच. शक्ती वाढली, त्यामुळे आणखी वाफ, आणखी शक्ती. 26 एप्रिल 1986 च्या रात्री कमी शक्तीवर, बहुतेक नियंत्रक दांड्या बाहेर काढलेल्या असताना भट्टी याच चक्रात सापडली.

नियंत्रक दांड्या न्यूट्रॉन शोषतात. खरा ब्रेक हाच. पण त्या भट्टीत दांड्यांच्या खालच्या बाजूला ग्रॅफाइटचे तुकडे जोडलेले होते. आणीबाणीचं बटण दाबल्यावर दांड्या वरून खाली येऊ लागल्या, तेव्हा गाभ्याच्या तळाशी पहिल्यांदा या ग्रॅफाइटने पाणी बाजूला सारलं. ब्रेक लागायच्या आधी काही क्षण मॉडरेटर वाढला. एवढं पुरलं. अपघातानंतर त्या जातीच्या उरलेल्या भट्ट्यांत इंधन जास्त समृद्ध केलं, जादा शोषक बसवले आणि दांड्यांची रचना बदलली.

ग्रॅफाइटचं आणखी एक दुखणं आहे. न्यूट्रॉनच्या धडकांनी त्यातले कार्बन अणू जागचे हलतात आणि त्यांत ऊर्जा साठत जाते. ब्रिटनमधल्या विंडस्केलला ऑक्टोबर 1957 मध्ये ही साठलेली ऊर्जा सोडवण्यासाठी गाभा मुद्दाम तापवताना आग लागली. तरीही इतिहासातली पहिली मानवनिर्मित साखळी ग्रॅफाइटवरच चालली, 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत. त्यासाठी बोरॉनचा मागमूस नसलेला ग्रॅफाइट मिळवावा लागला, कारण बोरॉन न्यूट्रॉन अधाशासारखा खातो. जर्मनांनी अशुद्ध ग्रॅफाइटवर मोजमाप केलं, तो कुचकामी ठरवला आणि नॉर्वेतल्या जड पाण्याच्या मागे लागले.

आपल्या जड पाण्याच्या भट्टीत तसा धोका नाही का?

नाही म्हणून हात झटकणं बरोबर होणार नाही. तारापूर 3 आणि 4 मध्येही शीतक आणि मॉडरेटर वेगळे आहेत. नळीतलं शीतक गेलं तरी पिंपातला मॉडरेटर शिल्लक राहतो, आणि अशा वेळी शक्ती किंचित वाढायला बघते. मात्र हा परिणाम चेर्नोबिलच्या मानाने खूप लहान आहे. शिवाय जड पाण्यात न्यूट्रॉन शोषला जाण्याआधी बराच काळ भटकतो, साध्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त. एका पिढीचे न्यूट्रॉन दुसऱ्या पिढीला जन्म देईपर्यंत मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो, त्यामुळे वाढ सावकाश होते आणि बंद करणाऱ्या यंत्रणेला अवधी मिळतो.

तशा दोन यंत्रणा आहेत, एकमेकींवर अजिबात न विसंबणाऱ्या. पहिली: वर लटकवलेल्या कॅडमियमच्या दांड्या, वीज गेली की स्वतःच्या वजनाने पिंपात पडतात. दुसरी: हीलियमच्या दाबाने गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण थेट मॉडरेटरमध्ये फवारलं जातं. गॅडोलिनियम इतकं खादाड की दहा लाखांत काही भाग मिसळले तरी साखळी टिकत नाही. पुढचा त्रास चालवणाऱ्यांचा असतो, कारण पुन्हा सुरू करायच्या आधी सगळा मॉडरेटर रेझिनमधून फिरवून हे विष काढून टाकावं लागतं. राजस्थान आणि कल्पक्कमच्या जुन्या भट्ट्यांत याहून सरळ उपाय होता: धोका दिसला की पिंपातलं जड पाणी खालच्या टाकीत सोडून द्यायचं. मॉडरेटर गेला की साखळी संपली.

आणि वेगळेपणाचा फायदाही आहे. शीतक पूर्ण गेलं तरी इंधनाच्या नळ्यांभोवती टनांनी थंड जड पाणी उभं असतं; ते उरलेली उष्णता बराच वेळ ओढून घेऊ शकतं.

जड पाणी खाडीत गेलं तर?

जड पाणी स्वतः किरणोत्सारी नाही. पेलाभर प्यायल्याने काही होत नाही. शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा त्याने बदलला तरच पेशींचं काम बिघडतं, आणि एवढं महागडं पाणी कोणी कोणाला पाजत नाही. प्रश्न आहे तो ट्रिशियमचा. ड्युटेरियमने क्वचित का होईना न्यूट्रॉन गिळला की ट्रिशियम होतं, ते किरणोत्सारी असतं आणि 12.3 वर्षांनी निम्मं उरतं. मॉडरेटर वर्षानुवर्षं भट्टीतच असल्याने त्यात ते साठत जातं.

ट्रिशियमचे किरण इतके दुबळे की कातडीच्या बाहेरच्या थरात अडकतात. पण वाफेच्या रूपात ते श्वासातून आणि त्वचेतूनही आत जातं आणि शरीरातल्या पाण्यात मिसळतं. म्हणून मॉडरेटरच्या यंत्रणेवर काम करणारे बाहेरून हवा पुरवलेले प्लॅस्टिकचे सूट घालतात आणि त्यांच्या लघवीचे नमुने ठरल्या वेळी तपासले जातात. आत गेलेलं ट्रिशियम शरीरातल्या पाण्याबरोबर बाहेर पडतं, साधारण दहा दिवसांत निम्मं. गळतीच्या बातमीत 'जड पाणी गळलं' एवढंच असेल तर त्यावरून धोका कळत नाही. त्यात ट्रिशियम किती होतं आणि ते इमारतीबाहेर गेलं का, हे विचारावं लागतं.

ट्रॉम्बेचे मंद न्यूट्रॉन वाशीत

वीज सोडून मंद न्यूट्रॉनचा आणखी एक उपयोग आहे. ट्रॉम्बेची ध्रुव भट्टी 1985 पासूनची, 100 मेगावॉट उष्णतेची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी. तिचा मॉडरेटर आणि शीतक दोन्ही जड पाणी. तिच्यातून वीज काढत नाहीत. टेल्युरियमचे नमुने तिच्यात ठेवले की त्यातले अणू मंद न्यूट्रॉन गिळतात आणि त्यातून आयोडीन-131 तयार होतं. थायरॉइडच्या कर्करोगावर रुग्णांना दिलं जातं ते हेच. ते आठ दिवसांनी निम्मंच उरतं, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. भट्टी चालू असावी लागते आणि वाटप वेळेवर व्हावं लागतं. हे आणि असे पदार्थ रुग्णालयांपर्यंत पोचवणाऱ्या ब्रिट या मंडळाचं ठाणं वाशीत आहे. वाशीतच 2000 सालापासून मसाल्यांवर गॅमा किरण सोडून ते जंतुमुक्त करण्याचा प्रकल्प आहे. त्यात कोबाल्ट-60 वापरतात, आणि कोबाल्ट-60 म्हणजे साध्या कोबाल्टने न्यूट्रॉन गिळल्यावर जे उरतं ते.

मॉडरेटर नसलेलीही भट्टी असते

कल्पक्कमच्या 500 मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर भट्टीत, जिच्यात मार्च 2024 मध्ये गाभा भरायला सुरुवात झाली, मॉडरेटर मुद्दाम ठेवलेला नाही. तिथे वेगवान न्यूट्रॉनच हवे असतात, कारण वेगवान न्यूट्रॉनने प्लुटोनियम फोडलं की विखंडनामागे जास्त न्यूट्रॉन सुटतात आणि उरलेल्यांनी युरेनियम-238 चं नवं प्लुटोनियम बनवता येतं. विखंडनाची घसरलेली शक्यता भरून काढायला इंधनात प्लुटोनियमचं प्रमाण भरपूर वाढवतात. शीतक म्हणून पाणी चालत नाही, ते न्यूट्रॉन मंद करेल. म्हणून वितळलेला सोडियम. सोडियम हवेत पेटतो आणि पाण्याशी भडकून उठतो, ही त्याची किंमत.

राहिला अर्थसंकल्पातल्या छोट्या भट्ट्यांचा प्रश्न. बातम्यांत दोन नावांची सरमिसळ होते. 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर' म्हणजे आपल्याकडे अनेक ठिकाणी चालू असलेली 220 मेगावॉटची जड पाण्याची भट्टी, सुधारून. तिला समृद्ध इंधन नको, पण थळ-मणुगुरूसारख्या कारखान्यांतून जड पाणी हवं, आणि वर्षानुवर्षं त्याची शुद्धता व ट्रिशियम सांभाळणारी माणसं हवीत. 'भारत स्मॉल मॉड्युलर रिअ‍ॅक्टर' 200 मेगावॉटची, साध्या पाण्याची. तिचा गाभा आटोपशीर, मॉडरेटर फुकटात, पाणी गेलं तर साखळी आपोआप तुटते. मात्र इंधन किंचित समृद्ध लागतं, ते एकतर बाहेरून आणायचं नाहीतर ती क्षमता घरात वाढवायची. एखादा कारखानदार स्वतःच्या विजेसाठी अशी भट्टी घेऊ म्हणेल, तेव्हा जागा आणि भांडवलाआधी त्याला याच दोघांतून एक निवडावी लागेल.